माझ्याच आवाजावर माझा दावा

हसायचं न्हाई, असं आधी कबूल करा, मग सांगतो. आणि तो चहा खाली ठेवा, ठसका लागंल. माझ्याकडं चोरी झाली होती. सोनं गेलं न्हाई, मोटारसायकल गेली न्हाई. माझा आवाज गेला!

घसा बसला असं न्हाई हो. चोरीला गेला!

तुम्हाला माहीतच हाय, लातूरपासून नांदेडपर्यंत लग्न म्हणलं की माईकवर मी. "मामामंडळींनी नवरीला घेऊन लवकर यावं" म्हणणारा मी. "ज्यांचं जेवण झालं त्यांनी जागा मोकळी करावी" म्हणून शिव्या खाणाराही मीच. औशाच्या बाजारात मी नुसता खोकलो तरी लोक हातात अक्षता हायत का बघतेत.

तर उमरीच्या दत्तरावांच्या धाकट्या लेकीचं लग्न. थोरलीच्या लग्नात माईकवर मीच होतो, म्हणून हेही मलाच सांगितलेलं. लग्न तोंडावर आलं आणि दत्तरावांचा फोन.

"गोविंदराव, ह्या वेळी तुम्ही तकलीफ घेऊ नका."

"कामून हो? तारीख बदलली का?"

"तारीख तीच हाय. आमच्या पुण्याच्या जावयानं मोबाइलवर तुमचाच आवाज बनवलाय. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओतून उचलला. एआय म्हणतेत त्याला. काहीही लिहून द्या, सेम तुमच्यासारखं बोलतंय. लई भारी!"

"आणि मी?"

"तुम्ही या की जेवायला!"

ऐकलं का? माझा आवाज मांडवात गाजणार आणि मी पंगतीत बसून भाताला वरण मागणार! बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं की. ते मशीन बंद तरी करता येतंय."

पण खरं सांगतो, मला हसू येईना. आज उमरीनं केलं, उद्या धर्माबादवाले करतील, परवा माझं औसा. मला दुसरं काय येतं? ह्या गळ्यावर तर घर चाललंय माझं.

तसाच उठलो आणि रफिककडं गेलो. रफिक माझा शाळेतला दोस्त, औशाच्या कोर्टात वकील.

"रफिक, आवाज चोरला तर कायद्यात काही हाय का न्हाई?"

"हाय ना! माणसाचा आवाज त्याच्या हक्काचा. न विचारता वापरला तर दावा ठोकू. पण गोंद्या, आवाज तुझाच हाय हे सिद्ध कसं करणार? तो जावई म्हणंल, मशीनचा हाय."

"मग?"

"साक्षीदार पाहिजेत. भर मांडवात लोकांच्या तोंडून वदवून घे की हा आवाज गोविंदरावाचा. मी मोबाइलमध्ये शूटिंग घेतो. फिर देख तमाशा!"

तमाशा तर झालाच. ऐका.

मांडवात पाय ठेवला आणि जागीच थांबलो. मी दारात उभा आणि आत कर्ण्यातून मीच बोलून राहिलो! "हं, तर मंडळी" हे माझंच. "सरपंचसाहेबांनी चहा सोडून पुढं यावं" हेही माझंच. आणि राग कशाचा आला सांगू? मशीन माझ्यापेक्षा झकास बोलत होतं. त्याला दम लागत नव्हता, मधी पाणी लागत नव्हतं.

व्यासपीठाच्या कडेला जावईबापू गुलाबी फेटा बांधून, हातात मोबाइल घेऊन, हत्तीवर बसल्यासारखे उभे. त्यांना कोण काय बोलणार? मांडवात एक वेळ नवरदेवाला बोलता येतं, थोरल्या जावयाला न्हाई.

मी सरळ खुर्चीवर चढलो.

"मंडळी! हा कर्ण्यातला आवाज कुणाचा?"

"तुमचाच की!"

"दुसऱ्या कुणाचा असू शकतो का?"

"न्हाई! न्हाई!"

"ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा!"

अहो, मांडवभर हात! आचारी झारा वर करून उभा! रफिकचा मोबाइल चालूच. मला तर वाटलं, इथंच निकाल लागला. छाती पुढं काढून मी गरजलो, "ह्या आवाजातला शब्द न् शब्द माझा हाय! मालक मी हाय!"

आणि त्याच वेळी कर्णा बोलला.

"हं, तर मंडळी, यानंतर नवरीचे आजोबा, कैलासवासी नारायणराव यांना विनंती, त्यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं."

वर गेलेले हात तसेच वर राहिले.

जावयानं लग्नाची पत्रिकाच मशीनला खाऊ घातली होती. पत्रिकेत सगळ्यात वर आजोबांचं नाव. मशीनला काय कळतंय, कैलासवासी म्हणजे औशाचे का उमरीचे? आणि कुणी आलं न्हाई तर पुन्हा पुकारायचं, ही माझी सवयही त्यानं शिकून घेतलेली.

"कैलासवासी नारायणराव जिथं असतील तिथून ताबडतोब यावं! आपल्यामुळं मुहूर्त टळून राहिला!"

जावईबापू मोबाइल बडवत होते, ते काही बंद होईना. दत्तराव लालबुंद होऊन माझ्यावर धावले.

"गोविंदराव! माझ्या मेलेल्या बापाला बोलावता? वर घाई करता?"

"मी न्हाई हो! मी न्हाई बोलावलं, मशीननं बोलावलं!"

"आत्ताच म्हणला ना, शब्द न् शब्द माझा?"

"ते... ते आधीच्या शब्दांचं!"

मागून कुणीतरी ओरडलं, "धरा रे त्याला!" मघाशी वर गेलेले सगळे हात आता माझ्याकडं येऊन राहिले. रफिककडं बघितलं, तर तो शूटिंग घेतच होता. म्हणाला, "मालक झालास ना गोंद्या? मग जबाबदारी बी मालकाचीच!"

असा वकील वैऱ्यालाही मिळू नये!

पण इतकी वर्षं मांडव सांभाळलेत मी, एवढ्यानं माईक सोडीन का? खुर्चीवरून उडी मारली, बँडवाल्याचा माईक ओढला आणि म्हणलं, "हाव! बोलावलंय नारायणरावांना! ज्यांनी ह्या नातीला खांद्यावर बसवून उमरीचा बाजार दाखवला, त्यांच्याशिवाय अक्षता पडतील कशा? थोरल्या जावईबापूंना विनंती, आजोबांचा फोटो मानानं घेऊन यावं!"

जावयाचा जीव भांड्यात पडला. कर्ण्याची वायर उपटून पळत घरात गेले, भिंतीवरचा फोटो काढून आणला. बँडवाल्यानं सनई धरली. फोटोला फेटा बांधला, हार घातला, मधल्या खुर्चीवर बसवलं. नवरी फोटोच्या पाया पडली आणि अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. दत्तराव तर माझ्या गळ्यात पडून रडले हो!

"गोविंदराव, मशीन बंद! आता पुढं तुम्हीच! आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात तुम्हीच!"

जावईबापूंनी रफिकसमोर मोबाइलमधला माझा आवाज पुसला आणि हात जोडले. मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत मी असा बोललो, असा बोललो की जेवून उठलेले लोक परत ऐकायला आले. जिंकलो! दावा न लावताच जिंकलो!

तेवढ्यात आजी उठल्या. नारायणरावांच्या मंडळी. काठी टेकत, डोळे पुसत माझ्याकडंच येऊन राहिल्या. गर्दीनं वाट दिली. मी कमरेत वाकलो, डोळे मिटले, आशीर्वादाला डोकं पुढं केलं.

काठीचा आवाज माझ्या बाजूनं पुढं गेला.

डोळे उघडून बघतो तर आजी स्पीकरच्या डब्यापुढं. डब्यावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली!

"गुणाचं माझं लेकरू ते! घरच्यांना सुद्धा सुचलं न्हाई, ह्यानं आमच्या मालकाला किती मानानं हाक मारली!"

"आजी," मी वाकल्या वाकल्याच म्हणलं, "आवाज माझा हाय हो तो."

आजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या ताटातली जिलेबी उचलली.

"चल, लबाडा! तूच वरडत होतास न्हवं, मी न्हाई बोलावलं, मशीननं बोलावलं म्हणून?"

मी रफिककडं बघितलं. त्यानं मोबाइल अजून खाली घेतला नव्हता.

"गोंद्या," म्हणाला, "तुझा कबुलीजबाब बी रेकॉर्डवर हाय बरं का."