चार बादल्या बिअर

आम्ही तेव्हा साउथहॅम्प्टनला भाड्याच्या घरात राहत होतो. नवरा तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा आणि आयसीयू बघणारा डॉक्टर. घरी बिअर करायचं वेड त्याला तिकडच्याच एका सहकाऱ्याने लावलं होतं. महिना-दीड महिन्यातून एखाद्या शनिवारी तो एक बादलीभर बिअर करायचा. मॉल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, दाट पाक पाण्यात घालून तासभर उकळायचा, त्यात कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं टाकायची, पातेलं निववायचं आणि बादलीत ओतून यीस्ट घालायचं. पुढे बरेच दिवस ती बादली कोपऱ्यात बुडबुडत बसायची. मला ती चव कधीच आवडली नाही, पण त्याला शिट्टी वाजवत पातेलं ढवळताना बघायला आवडायचं.

त्या वर्षी आमची मुलगी पोटातच गेली. दिवस भरत आले होते. बाळंतपण मात्र सगळं तसंच झालं, कळांसकट. फक्त शेवटी कोणी रडलं नाही.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यातला शनिवार. मी जिना उतरून खाली आले तर किचनमध्ये वाफ कोंदलेली, खिडक्या धुरकटलेल्या, गॅसवर दोन मोठी पातेली आणि ओट्यावर मॉल्टचे डबे.

"एवढं सगळं?"

"चार बॅचेस करतोय. एकदा पसारा काढलाच आहे तर."

"कोण पिणार आहे?"

"बघू."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. तो थांबतच नव्हता. एक पातेलं उतरवलं की दुसरं चढवायचं, गरम पातेलं बाथटबमधल्या गार पाण्यात नेऊन ठेवायचं, बादल्या धुवायच्या, पुन्हा धुवायच्या. तो थांबला असता तर आम्हाला समोरासमोर बसावं लागलं असतं. ते मलाही नको होतं. पुण्याहून आईचा फोन आला. "काय करतेस गं?" तिने जपून विचारलं. "स्वयंपाक चाललाय," मी म्हटलं. तिला बरं वाटलं असावं.

दुपारी शेजारच्या म्हातारीने मागचं दार वाजवलं. ती महिनाभर मुलीकडे गेली होती, आदल्याच दिवशी परतली होती. मला ती दिसत नव्हती, पण बोलणं ऐकू येत होतं.

"रस्त्यापर्यंत वास येतोय," ती हसून म्हणाली. "बाळाच्या नावाने प्यायची तयारी ना? झालं का बाळ?"

तो म्हणाला, "नाही, अजून वेळ आहे."

दार लावून तो आत आला तेव्हा मी उठून उभी राहिले होते.

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?"

"जे झालं ते."

"तू सांग ना," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "रोज कुणाकुणाच्या नातेवाइकांना सांगतो मी. आज नाही जमलं."

दोन दिवसांनी मीच तिच्या दारात जाऊन सांगितलं. ती बिचारी माझा हात धरून रडली. मला रडू आलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन बादल्या भरल्या आणि प्रश्न आला तो त्या ठेवायच्या कुठे. यीस्टला ऊब लागते. घरात ऊबदार खोली एकच होती, वरची छोटी. रंग आम्हीच दिला होता. पाळणा त्याच्या मित्राने येऊन नेला होता.

"तिथे नको," मी म्हटलं.

"मग कुठे?"

त्याने एकेक बादली उचलून वर नेली. झाकणं मी धरली.

चौथं पातेलं निवत आलं असताना थर्मामीटर त्याच्या हातून सुटून आत पडला. एरवी हा माणूस एक चमचासुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय बुडवायचा नाही. त्या दिवशी त्याने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. थर्मामीटर सापडला असणार, पण त्याने हात बाहेर काढलाच नाही.

"काय झालं?"

"कोमट आहे गं," तो म्हणाला.

मला कळलं. नर्सने तिला गुंडाळून आधी त्याच्याकडे दिलं होतं. माझ्याकडे आली तेव्हाही तिच्या अंगात ऊब होती. माझीच ऊब. मग ती ऊब हळूहळू गेली, आणि आम्ही दोघं मुलीला घट्ट धरून बसलो होतो, जणू त्याने काही होणार होतं.

मी टॉवेल आणून त्याचा हात बाहेर काढला आणि पुसला. चिकट होता, पुसून जाईना. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "यीस्ट टाकायचं राहिलंय."

पुढचे कित्येक दिवस त्या खोलीतून भिंतीपलीकडून बुडबुड ऐकू यायची. मी रेडिओ लावून ठेवायचे. त्याने जादा ड्यूट्या मागून घेतल्या. बाटल्या भरायची वेळ आली आणि गेली, त्याने विषय काढला नाही, मीही नाही. शेवटी आंबूस वास जिन्यात उतरला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बादल्या खाली आणल्या. चारही फुकट गेल्या होत्या. मागच्या अंगणातल्या गटारात एकेक उपडी केली. फेस बराच वेळ जाळीवर राहिला. तो पाइपने पाणी मारत होता, मी उभी होते.

"पुन्हा करशील?" मी विचारलं. मला बिअरबद्दल विचारायचं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला, आणि मी कशाबद्दल विचारतेय ते त्यालाही माहीत होतं.

वर्षभराने आम्ही लेस्टरला गेलो. त्याला तिकडे नोकरी मिळाली होती, घरही मोठं होतं. आम्ही अजून एकत्र राहतो. लोक विचारतात, मुलं किती? तो नाहीत म्हणून सांगतो. मी दुसरीकडे बघते.