तारखेवर अडलेली गोल्फची सहल

आमच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना मित्रांसोबत समुद्रकाठच्या एका गावी गोल्फ खेळायला जायचं होतं. त्या गावात लोक गोल्फसाठीच येतात. पण घोडं तारखेवर पेंड खात होतं. एकाची कंबर धरायची, दुसऱ्याला बायकोलाही न्यायचं होतं, आणि वकील मित्र रोज नवा फाटा फोडायचा.

एकदा वकिलाचीच दाढ दुखायला लागली. तो खुर्चीत आ वासून बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा. चालेल ना?"

त्याने मुकाट मान डोलावली. डॉक्टरांना हायसं वाटलं.

चूळ भरून वकील उठला. "अरे, पण तेव्हा मेव्हणा येतोय."

डॉक्टरांनी हातमोजे काढून आपटले. "तुम्हा लोकांना जायचं नाहीये, नुसतं ठरवत बसायचंय!"

शेवटी ते एकटेच गेले. मैदान सुरेख होतं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.