मंडईच्या दिवशी ठेवलेली मीटिंग

"दर महिन्याच्या मीटिंगला सगळ्यांनी पुण्यात यायचं, नाहीतर दुसरी नोकरी बघायची," असं आमच्या प्रकाश सरांनी जाहीर केलं, आणि स्क्रीनवर वैशालीचा चेहरा पडला. ती लाखनीजवळच्या गावातून घरबसल्या काम करते. वडिलांना लकवा झालाय, एकट्या आईला ते उचलवत नाहीत. दर महिन्याला येणार कशी बिचारी? मी फटकन बोलून गेले, "मग एकदा आपणच जाऊ तिकडे. सर, तुम्हीही बघा आणि मग ठरवा." सर चक्क हो म्हणाले!

तर पुण्याहून रेल्वेने वरठी. स्टेशनवर पाटी भंडारा रोडची आहे, गोंधळू नका. तिथून शेअर ऑटोने भंडारा, पुढे एसटीने लाखनी. हायवेवर ट्रकच ट्रक, पण दोन्हीकडे कापणीला आलेलं धान. लाखनीत तर्री-पोहे नक्की खा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट घेतलीच.

ऑफिसातले आम्ही तिघं निघालो होतो. सर विमानाने नागपूरला उतरून येणार होते, पण ऐनवेळी त्यांची कंबर धरली. "मी ऑनलाइन येतो," म्हणाले. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, तेच घरी! असा राग आला म्हणून सांगू.

गावात शिरलो तर हीऽऽ गर्दी. मीटिंगची तारीख आम्हीच ठरवलेली, आणि नेमकी त्याच दिवशी गावची मंडई! दिवाळीनंतर इथे गावोगाव ही जत्रा भरते. प्रत्येक गाव वेगळा दिवस धरतं, म्हणजे एकमेकांकडे पाहुणं म्हणून जाता येतं. वैशालीच्या अंगणात लेकी, जावई, व्याही, नुसती झुंबड.

"अगं, आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं त आले असते का तुमी, ताई?" ती हसत म्हणाली.

"काहून उभे राहिले जी? बसा ना," तिची आई आली. "जेवल्याबिगर कोनाले जाऊ देत नाही आमी."

उडदाचे वडे, कोंबडीचा रस्सा, भात, वर उकडलेले शिंगाडे. मीटिंग? धानाच्या पोत्याला फोन टेकवून सरांना जोडलं खरं, पण बाहेर दंडारीची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची, ढोलकी आणि आम्ही वड्यांत गुंग.

"हॅलो? माझा आवाज येतोय का? कोण हसलं? अरे, काय झालं?"

कुणी उत्तरच देईना. शेवटी वैशालीने हात पुसून फोन उचलला. "सर, मी आहो ना. चला, दाखवते." तिने त्यांना अंगणभर फिरवलं, एकेकाची ओळख करून दिली. बाजेवरच्या वडिलांनी चालणारा एक हात कपाळाशी नेला, तेव्हा सरांनी स्क्रीनवरूनच हात जोडले.

मग म्हणाले, "वैशाली, एवढ्यातच माझं डोकं उठलं गं. आमच्या मीटिंगांत तू कायम असंच ऐकत असतेस?"

"सवय झाली, सर. पन मले असं उचलून कोनी फिरवलं नाही कधी."

मी हातातला वडा परत ताटात ठेवला.

पुण्यात परतलो. सरांनी नियम बदलला. ज्याला येता येईल त्याने यावं, ज्याला जमणार नाही त्याला जोडलेला फोन कुणीतरी हातात धरून फिरवायचा. वैशालीची नोकरी राहिली, आणि मला विचाराल तर ह्या प्रवासाचं सगळं भाडं तिथेच वसूल झालं. मंडईच्या दिवसांत तिकडे जाणार असाल तर जेवण टाळायच्या भानगडीत पडू नका, जमणार नाही.

परवाच्या मीटिंगला पहिली पाळी सरांनी स्वतः घेतली. कमरेला पट्टा, एका हातात ताटली, दुसऱ्यात वैशाली.

"सर, घाई काहून करून राहिले? जिलबी दाखवा ना आधी!"

सरांनी मुकाट्याने जिलबी कॅमेऱ्यापुढे धरली.