गुरुनाथकाकांचे नऊ पराभव

गुरुनाथकाकांची बेसबॉल वार्ता सकाळी साडेसहाला येते. साडेसहा म्हणजे साडेसहा. सिएटलच्या मॅरिनर्स टीमचा एप्रिल ते सप्टेंबर असा सामन्यांचा हंगाम असला की आमच्या बॉथेलमधल्या अकरा मराठी फोनांवर एकदम टुणकन वाजतं. या वर्षीच्या मे महिन्यातली एक वार्ता माझ्याकडे अजून आहे:

"नमस्कार मंडळी. काल आपण ५-२ ने हरलो. तिसऱ्या इनिंगमध्ये त्यांच्या माणसानं दुसरा बेस चोरला. या देशात या चोरीची तक्रार कुठंही करता येत नाही. आपले मुख्य पिचर दमले म्हणून राखीव पिचर आणले, ते दमूनच आले होते. आज पुन्हा सहा चाळीसला. आशा अमर आहे."

आम्हा अकरांपैकी नऊ जण बेसबॉल बघतसुद्धा नाहीत. आम्ही वार्ता वाचतो. मॅरिनर्सचा खेळ आम्हाला काकांच्या मराठीतूनच कळतो, आणि काका लिहितात ते खरं असतं हे आम्ही धरून चाललेलो होतो.

काका नागपूरहून एव्हरेटच्या विमानांच्या कारखान्यात आले ते १९७७ साली. मॅरिनर्सची टीमही त्याच वर्षी सुरू झाली. "आम्ही दोघं एकदमच इथं नवखे होतो," काका सांगतात. "मला लोकांचं बोलणं कळत नव्हतं आणि त्यांना बॉल मारता येत नव्हता. पहिल्या वर्षी अठ्ठ्याण्णव सामने हरले. म्हटलं, हे आपले." तेव्हापासून प्रत्येक सामन्याचा हिशोब काका पेन्सिलनं स्कोअरबुकात मांडतात. एक पान म्हणजे एक सामना. टीम आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला, पोचलेली नाही, आणि काकांच्या तळघरात स्कोअरबुकांची तीन कपाटं आहेत.

आमची ओळख झाली ती काकूंमुळे, म्हणजे खरं तर अग्निशमन दलामुळे. माझी मुलगी अनया तीन महिन्यांची असताना रात्रंदिवस रडायची. मी हवालदिल. समोरच्या घरातून अहिल्याकाकू आल्या, म्हणाल्या, "अगं, बाळसं धरलंय पोरीनं, कोणीतरी कौतुक केलं असेल. दृष्ट लागली." त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि आमच्या शेगडीवर तव्यात टाकल्या. दोन मिनिटांत घरातले चारही स्मोक अलार्म बोंबलायला लागले आणि दहा मिनिटांत लाल गाडी दारात. हेल्मेट घातलेल्या सहाफुटी माणसाला काकू शांतपणे म्हणाल्या, "ऑल गॉन." अनया मात्र त्या रात्री झोपली. पुढे मी तिच्या गालावर तीट लावल्याशिवाय तिला कधी बाहेर नेलं नाही. डेकेअरच्या बाई रोज ती पुसायच्या, मी रोज लावायचे.

काकू जाऊन आता सहा वर्षं झाली. काका एकटे राहतात, स्वतःची भाजी स्वतः करतात. मुलगा सुमंत टेक्सासात, प्लेनोला असतो. अनया आता बारा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते, आणि मंगळवार-गुरुवारी मी प्रयोगशाळेत अडकलेली असते तेव्हा काकाच तिला प्रॅक्टिसला नेतात. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याला निदान थोडं कारण होतं एवढं तरी दिसावं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी आमच्या लॅबमधले सगळे मॅरिनर्सच्या टोप्या घालून आले होते. कॉफीपाशी मी आपलं सहानुभूतीनं म्हटलं, "काल पुन्हा हरलात ना? वाईट वाटलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. काल टीम जिंकली होती. परवाही. गेले कित्येक दिवस जिंकतच होती.

मी फोन काढला. शुक्रवारची वार्ता: हरलो. शनिवारची: हरलो. रविवारची: हरलो, आणि त्यात सातव्या इनिंगचं सविस्तर, अगदी डोळ्यांत पाणी आणणारं वर्णन. सोमवारची: हरलो. वेबसाइटवर बघितलं तर चारही सामने जिंकलेले. संध्याकाळी घरी पोचताच मी फोन दाखवला.

"एखाद वेळी चुकतो माणूस," निमिष, म्हणजे माझा नवरा, म्हणाला.

"चार वेळा? निमिष, त्यांना एकोणीसशे ऐंशीमधला पिचर कुठल्या हातानं टाकायचा ते आठवतं आणि कालचा सामना आठवत नाही. असंच सुरू होतं. जुनं राहतं, ताजं जातं. मी वाचलंय."

"तू सगळंच वाचलंयस."

"आणि आपली मुलगी त्यांच्या गाडीत बसते."

मंगळवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. काकांना खोटंच सांगितलं की निमिष लवकर येतोय, तोच अनयाला नेईल. काका किल्ली हातात घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेत उभे होते. सहज विचारावं तसं मी विचारलं, "काका, काल काय झालं हो मॅचचं?"

काकांनी आकाशाकडे बघितलं. मग शेजारच्यांच्या हिरवळीकडे. "हरलो," ते म्हणाले, आणि पटकन आत गेले.

संध्याकाळी मी सुमंतला फोन केला.

सुमंत गुरुवारी आला. तो तसा वाईट मुलगा नाही, फक्त त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा प्लॅन तयार असतो. प्लेनोच्या घरात खालच्या मजल्यावर बाबांसाठी खोली त्यानं दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. टेबलावर लॅपटॉप उघडून तो काकांना खोलीचे फोटो दाखवत होता.

"बाबा, अटॅच्ड बाथरूम. आणि बेसबॉल तिथेही आहे. हाफ ॲन अवर ड्राइव्ह."

"टेक्सासची टीम?" काकांनी चष्मा काढला. "सुमंत, त्या लोकांनी मला पन्नास वर्षं छळलंय. त्यांच्या गावात जाऊन म्हातारा होऊ?"

"बाबा, आय ॲम सीरियस."

"मग मी काय गंमत करतोय?"

शेवटी दोघांत एक ठरलं. शुक्रवारी डॉक्टरकडे स्मरणशक्तीची चाचणी करायची. चाचणी चांगली आली तर काका इथंच राहतील आणि सुमंत पुन्हा विषय काढणार नाही. चांगली नाही आली तर गाडी बंद, घर विकायचं आणि दिवाळीच्या आत प्लेनो. अमेरिकेत एका दिवसात डॉक्टर मिळणं म्हणजे नवसच फळला, कोणीतरी कॅन्सल केलं होतं. "तू पण चल," सुमंत मला म्हणाला, "तुलाच आधी लक्षात आलं." जायला मला मुळीच नको होतं. गेले.

डॉक्टर साठीच्या बाई होत्या, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी मॅरिनर्सच्या रंगाची. काकांनी तारीख सांगितली, वार सांगितला, राज्यपालांचं नावही सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत इतक्या वेगानं खाली आले की बाईंनीच थांबवलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर सेकंदकाट्यासकट काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते पाचही पाठ, वर दोन स्पेलिंग सांगून दाखवली. सुमंतचा चेहरा सैल होत चालला होता. माझा तर कधीच झाला होता.

मग बाई प्रेमानं म्हणाल्या की तुम्ही मोठे फॅन आहात म्हणे, मीही आहे, काल रात्री स्टेडियममध्येच होते. सांगा बरं, काल काय झालं?

काका खुर्चीत ताठ झाले. त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यातल्या त्या दोरीकडे असं बघितलं, जसं काही ती त्यांना दगा देणार होती.

"वुई लॉस्ट," काका म्हणाले.

बाईंचं हसू हळूहळू मावळलं. "आर यू शुअर?"

"फोर टू वन. सॅड गेम."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग पुढच्या तपासण्यांची नावं सांगितली आणि तोवर गाडी चालवू नये असं म्हणाल्या. परतीच्या वाटेवर गाडी सुमंत चालवत होता, मी त्याच्या शेजारी, काका मागे. काका खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. घाबरलेला नव्हता तो. अडून बसलेल्या माणसाचा चेहरा होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता घर बघायला एजंट येणार होती. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, अनया माझ्याबरोबर. सुमंत बाहेर अंगणात फोनवर होता. काका स्वयंपाकघरात टेबलापाशी, समोर स्कोअरबुक. मी डबा ठेवायला जागा करताना वही सरकवली आणि पान दिसलं. शुक्रवारचा सामना. प्रत्येक इनिंग, प्रत्येक बॉल, नीटनेटक्या पेन्सिलीत. शेवटी निकाल: जिंकलो, ६-३. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा गोल ठिपका. पेन्सिलीचा नव्हे. बोटानं लावलेला.

मागचं पान उलटलं. जिंकलो, आणि ठिपका. त्यामागचं. ठिपका. सलग नऊ पानं. टेबलाच्या कडेला अहिल्याकाकूंची काजळाची पितळी डबी होती. याच डबीतलं काजळ त्यांनी अनयाच्या गालावर पहिल्यांदा लावलं होतं.

"काका," मी म्हटलं, "ही तीट आहे."

काकांनी वही मिटली. "हळू बोल."

"तुम्हाला सगळं आठवतंय!"

"रेणू, हळू बोल म्हणतो ना. मागच्या वर्षी सलग सहा जिंकलो तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, आता आपल्याला कोण अडवतंय. लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाच हरलो. अहिल्या असती तर मला लिहूच दिलं नसतं. चांगलं चाललं की तोंड मिटायचं, हे तिचं म्हणणं."

"मग गप्प बसायचं ना! हरलो कशाला लिहायचं?"

"वार्ता नाही आली तर साडेसहा वाजून पाच मिनिटांनी तू पोलिसांना पाठवलं असतंस."

हे खरं होतं.

"आई," अनया खिचडी खात म्हणाली, "एव्हरीबडी नोज धिस. पिचर नो-हिटर टाकत असला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळाली नसली, तर डगआउटमध्ये कोणी त्याच्याशी बोलत पण नाही. यू जस्ट डोन्ट से इट."

"तुला माहीत होतं?"

"आजोबांनी मला थर्ड विनच्या दिवशीच सांगितलं. यू नेव्हर आस्क्ड मी."

"पण काका, डॉक्टरांसमोर तरी! घर जातंय तुमचं!"

"ती फॅन आहे. तिनं असा प्रश्न विचारायलाच नको होता." काकांनी माझा हात धरला. तो सोडेनात, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ते प्लेनोला किती घाबरले होते. "रेणू, आज संध्याकाळचा सामना होऊ दे. दहावा. उद्या सकाळी मीच सुमंतला सगळं सांगेन. आज नको बोलूस."

बाहेर एजंटची गाडी येऊन थांबली. सुमंत तिच्याशी हात मिळवताना खिडकीतून दिसत होता. तिच्या हातात कागदांची फाइल होती. माझं मन कितीतरी वेळ हो-नाही करत होतं, म्हणजे फार तर वीस सेकंद. मग मी दार उघडलं आणि अंगणात जाऊन, त्या एजंटसमोर, मोठ्या आवाजात सांगितलं.

"सुमंत, बाबा ठणठणीत आहेत. टीम सलग नऊ सामने जिंकलीय आणि दृष्ट लागू नये म्हणून ते सगळ्यांशी खोटं बोलतायत."

मागून काकांचा विव्हळण्याचा आवाज आला. "गेलं," ते म्हणाले. "संपलं."

सुमंतनं आत येऊन ती नऊ पानं बघितली. कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर त्यानं अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. "आईची डबी," तो म्हणाला. मग काकांकडे वळून, "बाबा, तुम्ही डॉक्टरला खोटं सांगितलंत? फॉर बेसबॉल?"

"मग काय खरं सांगून हरू?"

सुमंत हसायला लागला. एजंट दारात फाइल घेऊन उभीच होती. तिला खिचडी दिली.

त्या संध्याकाळी मॅरिनर्स हरले. आम्ही सगळे काकांच्या टीव्हीसमोर बसून बघत होतो आणि शेवटच्या बॉलपर्यंत माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. रविवारी साडेसहाला फोन वाजला.

"नमस्कार मंडळी. काल आपण ४-३ ने हरलो. हे खरं आहे, हवं तर वेबसाइटवर बघून घ्या. त्याआधीचे नऊ सामने आपण जिंकलो होतो, ते हरलो म्हणून कळवल्याबद्दल दिलगीर आहे. काल दुपारी तीनच्या सुमारास आमच्या अंगणात एका व्यक्तीनं तोंड उघडलं. नाव देत नाही. तिची खिचडी चांगली असते. आशा अमर आहे."

पाच मिनिटांत ग्रुपवरच्या मनोहरकाकांचा मेसेज आला: "रेणू, काय केलंस हे?"

डॉक्टरबाईंना सुमंतनं सोमवारी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणे इतका वेळ हसल्या की त्याला वाटलं फोन कट झाला. पुन्हा बोलावून त्यांनी काकांना दुसरेच प्रश्न विचारले, शेजारी बसून गाडी चालवून घ्यायची परीक्षाही झाली, आणि पुढच्या आठवड्यात कागद आला: सगळं ठीक. सुमंत प्लेनोला एकटाच परत गेला. जाताना ग्रुपमध्ये सामील झाला, बारावा.

माझ्याशी काका तेवढे दिवस बोलले नाहीत. डबा घेत होते, धुऊन परत देत होते, बोलत नव्हते. मग एका मंगळवारी चार वाजता बाहेर त्यांचा हॉर्न वाजला. अनया बॅट घेऊन धावत जाऊन मागे बसली. मी दारात उभी. काकांनी काच खाली केली.

"रविवारी अनयाच्या टीमची टूर्नामेंट होती ना? काय झालं?"

अनयाच्या टीमनं चारही सामने जिंकले होते. तिनं एक होमरन मारला होता, आणि रविवारपासून ते कोणालातरी सांगावं म्हणून माझी जीभ वळवळत होती. पुढच्या रविवारी फायनल होती.

"हरलो, काका," मी म्हटलं. "फार वाईट हरलो."

"अरेरे," काका म्हणाले. त्यांनी आरशात अनयाकडे बघितलं, मग खिशातून पितळी डबी काढून माझ्या हातात दिली आणि गाडी मागे घेतली.