दिव्यांखालचा सामना

बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा ताई तिथे आधीपासून होत्या. कवायत आणि भूगोल शिकवायच्या. तिशीला आलेल्या, लग्न झालेलं नाही, एकट्या खोली घेऊन राहणाऱ्या. आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या लोकांना बोलायला एवढं पुरे होतं. त्यांचे वडील चांदनी स्टेशनवर मालबाबू होते. तिथे मालधक्क्याजवळ बाबू लोक जाळी बांधून बॅडमिंटन खेळत, त्यांच्यात ही मुलगी शिकली. वडील वारले, भाऊ डोईफोडिया गावी शेती करायला गेला आणि ताई मास्तरीण झाल्या.

शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारून त्या खेळायच्या. पाचवारी घोट्याच्या वर खोचलेली, पदर कमरेला घट्ट बांधलेला. तापीवरून वारा आला की बॅडमिंटनचं फूल भलतीकडे जाई, पण ते पडेल तिथे ताई आधीच पोचलेल्या असत. मला रॅकेट धड धरता येत नव्हती. मी घरी जायच्या वेळी भिंतीशी उभी राहून नुसती बघायची. माझ्या आयुष्यात तोपर्यंत मी कुठल्याही बाईला इतकं मोकळं पळताना पाहिलं नव्हतं. दिवेलागणीच्या आत मात्र त्या रॅकेट गुंडाळून घरी जात. त्यांची ही एकच गोष्ट गावाला पसंत होती.

नागपूर तेव्हा आमची राजधानी होती. तिथल्या प्रांताच्या स्पर्धेत ताईंचं नाव गेलं. बाईमाणसाला एकटीनं कसं पाठवायचं, असा प्रश्न निघाला, तेव्हा मोठ्या बाईंनी मला सोबत दिलं. घरी आईनं कटकट केली, पण वडील म्हणाले, सरकारी काम आहे, जाऊ दे. भुसावळला गाडी बदलून आम्ही नागपूरला पोचलो.

पहिले सामने सकाळी आणि दुपारी झाले. मोठा हॉल, वर उंच खिडक्या, भरपूर उजेड. ताई एकेकीला हरवत गेल्या. बऱ्हाणपूर कुठे आहे, असं विचारणारे लोक शेवटी त्यांचा खेळ बघायला खुर्च्या पुढे ओढू लागले. अंतिम सामना तिथल्याच एका डॉक्टरांच्या मुलीशी होता. गोरी, उंच, पांढरा सलवार-कुडता घातलेली, चांगल्या कोर्टावर शिकलेली. सामना दुपारी व्हायचा होता, पण कुणी मंत्री यायचे होते आणि ते आले नव्हते. आम्ही बाकावर बसून राहिलो. खिडक्यांतला उजेड पिवळा झाला तशा ताई सारख्या वर बघू लागल्या. मला वाटलं, मन घट्ट करताहेत. त्यांनी एकदा जाऊन स्पर्धा घेणाऱ्या गृहस्थांना विचारलं, आता सुरू करता येईल का? ते हसून म्हणाले की पाहुण्यांशिवाय कसं चालेल.

मंत्री आले, हार झाले, भाषण झालं. खेळ सुरू झाला तेव्हा खिडक्यांत थोडा उजेड उरला होता. पहिला गेम ताईंनी बघता बघता जिंकला. मग दिवे लावले. कोर्टावर टांगलेले मोठे पिवळे दिवे होते ते. दुसऱ्या गेममध्ये ताई वेगळ्याच बाई वाटल्या. फूल जवळून जायचं आणि त्या दुसरीकडे बघत असायच्या. मागे लोक हसले. तो गेम गेला.

तिसऱ्यात त्यांनी खेळच बदलला. जाळीला चिकटून उभ्या राहिल्या. फूल वर जाऊच द्यायचं नाही, हलकेच जाळीपलीकडे टाकायचं, परत आलं की पुन्हा तसंच. ती मुलगी गोंधळली. एकेक करत ताई पुढे गेल्या आणि जिंकायला एक गुण उरला. मी पदर दातात धरला होता.

तेव्हा त्या मुलीनं फूल उंच मारलं. थेट दिव्यांच्या वर. ताई मान वर करून उभ्या राहिल्या आणि फूल त्यांच्या मागे, रेघेच्या आत, टप्प्‌ असं पडलं. पुढचंही तसंच. त्यानंतरचंही. ताई अंदाजानं मागे पळत होत्या, हवेत रॅकेट फिरवत होत्या. एकदा लागलंसुद्धा, पण जाळीच्या पट्टीवर आपटून आपल्याच बाजूला पडलं. बरोबरी झाली, नियमाप्रमाणे जिंकायचे गुण वाढवले गेले आणि ताई हरल्या.

त्यांनी जाळीखालून हात पुढे केला. तो त्या मुलीच्या हाताच्या बाजूनं गेला. मुलीनंच तो धरला.

बाहेर पडताना पायऱ्यांवर त्यांनी माझा दंड पकडला. बोटं रुतली. खाली रस्त्यावर अंधार होता. एका झाडाखाली थांबून त्या म्हणाल्या, “मला फूल दिसत नव्हतं.”

मी म्हटलं, दिवे डोळ्यांवर येत होते.

“दिव्यांचं नाही. रात्री मला दिसत नाही. आता दिवसाही बाजूचं कमी होतंय. कुणाला बोलू नकोस, नोकरी जाईल.”

मी बोलले नाही. गावात परतल्यावर शाळेत, बाजारात, नळावर एकच चर्चा होती. ऐन वक्ताला घाबरली. बाईची जात, इतका मोठा हॉल देखके हाथपैर गळाले. ताई ऐकून घेत. एकदा मला राहवलं नाही, मी काही बोलणार होते, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

पुढच्या हिवाळ्यात खेळायला जायला नागपूर उरलंच नाही. राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. शाळेतल्या नोकऱ्यांची उलथापालथ झाली. ताईंची बदली पार रीवाकडे झाली. तिथे मराठी बोलणारं कुणी नाही, ओळखीच्या वाटा नाहीत. एका संध्याकाळी शाळेच्या आवारातच त्या नालीत पडल्या आणि गोष्ट उघडी झाली. डॉक्टरांनी तपासलं, इलाज नाही म्हणाले. भाऊ जाऊन त्यांना घेऊन आला.

मी बऱ्याच दिवसांनी डोईफोडियाला गेले. त्या ओसरीत बसून बोटांनी कापसातला कचरा काढत होत्या. आवाजावरून मला ओळखलं. भाऊ संकोचून म्हणाला, “आम्ही काम सांगत नाही बाई, तिलेच रिकामं बसवत नाही.”

मधल्या काळात खंडव्याला शिक्षिकांच्या शिबिरात मला ती डॉक्टरांची मुलगी भेटली होती. लग्न होऊन तिकडे आली होती. बोलता बोलता ती म्हणाली होती की तुमच्या बाईंना दिव्यांच्या वरचं दिसत नाही हे माझ्या शेवटी शेवटी ध्यानात आलं, म्हणून मी उंच मारत राहिले. ते ऐकल्यापासून माझ्या मनात तिच्याविषयी आग होती. ताईंना सांगावं की नाही, हे ठरवूनही ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं.

ताईंचे हात थांबले. मग त्या म्हणाल्या, “बरोबर खेळली. तिच्या जागी मी असते तर पहिल्या फुलापासून तेच केलं असतं.”

नंतर त्यांनी विचारलं, शेवटचं फूल रेघेच्या आत पडलं होतं का. इतकी वर्षं त्यांना ते ठाऊक नव्हतं. पंचानं सांगितलं तसं त्यांनी मानलं होतं. मी म्हणाले, आत पडलं होतं, चांगलं आत. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कापूस हाती घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या काविळीनं गेल्या. मला निरोप मिळाला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी गेले तेव्हा वहिनी म्हणाली की शेवटपर्यंत भरवून घेतलं नाही, ताट चाचपत स्वतःच जेवायच्या. शाळेत मी ही बातमी सांगितली. नव्या बाईंनी विचारलं, कोण त्या? जुन्यांपैकी एकीला आठवलं. ती म्हणाली, हां, त्या नागपूरला हरल्या होत्या ना.