उलटा केलेला पदर

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर तर असं आहे की वाण्याला दिलेली यादीसुद्धा तो मलाच वाचून दाखवायला लावतो. माझी मुलगी एका मासिकात लोकांचे असे अनुभव वाचते. ती म्हणाली, "आई, तुझं ते राजस्थानचं लिही ना." पाठवेन की नाही ठाऊक नाही, पण लिहून ठेवते.

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या सातपूरच्या वस्तीत कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडून बसायच्या, मी मात्र दूध उतू जाईल म्हणून घरी यायचे. नवस नाही, उतारा नाही. आजही मानत नाही… पण हे झालं, आणि माझ्याच बाबतीत झालं.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मिस्टरांची कंपनी बंद पडली होती, म्हणून मी नाशिकच्या एका यात्रा कंपनीत पोळ्या करायला लागले. आपली माणसं काश्मीरला गेली काय नि रामेश्वरला गेली काय, त्यांना रात्री वरण-भात आणि पोळीच लागते. म्हणून कंपनी आचारी, भांडी, गॅस सगळं बसच्या मागे टाकून नेते. पोळ्यांना आम्ही दोघी होतो, मी आणि शेवंतामावशी. मावशी सिन्नरकडची, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तोंडाने फटकळ, पण माझ्या वाटणीचं पीठही मळून ठेवायची.

राजस्थानची ती माझी पहिलीच सफर. उदयपूर, जोधपूर झालं. मी पाहिलं काय? तिथल्या लॉजच्या मागच्या मोऱ्या आणि गॅसची शेगडी. जैसलमेरला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उघड्या जीपमधून वाळवंट दाखवायला नेणार होते. संध्याकाळी बसने पुढे निघायचं होतं, म्हणून सकाळीच निघून दुपारी माघारी यायचं ठरलं. जेवण पुरी-भाजीचं, बांधून द्यायचं. म्हणजे आमच्या शेगड्या दिवसभर बंद. त्यात एका आजोबांचं पोट बिघडलं आणि एका जीपमध्ये जागा रिकामी झाली.

मॅनेजर म्हणाला, "पोळीवाल्या कुणाला यायचं असेल तर या. जीपवाल्याला निम्मे पैसे द्यावे लागतील."

मी मान खाली घालून पुऱ्या बांधत राहिले. मावशीने मला कोपराने ढोसलं.

"जा की गं."

"तुम्ही जा मावशी."

"माझं कंबरडं त्या जीपात ऱ्हाईल का? तू जा. भट्टीपुढं बसून कुठं राजस्थान दिसतंय?"

"पैसे नाहीत माझ्याकडे."

मावशीने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा माझ्या हातात कोंबल्या. "नंतर दे. मी काय पळून नाय चालले."

उसने पैसे घ्यायची मला लहानपणापासून धास्ती. मी मामीकडे वाढले. चौथीत होते तेव्हा आई तापाने गेली आणि शाळाही तिथेच सुटली. मामी वाईट नव्हती, पण जेवताना मला नेहमी वाटायचं, हा घास आपण कुणाचा खातोय… ती सवय गेली नाही ती नाहीच. त्या नोटा घेतल्या आणि तिथपासूनच त्या फेडायच्या कशा याचा घोर लागला.

जीपमध्ये मी मागच्या बाजूला कडेला बसले. माझ्याशेजारी सिडकोतल्या पाटीलवहिनी होत्या, बोलक्या आणि मनाने चांगल्या. पुढे गाईड बसला होता, भंवरसिंग नावाचा, मोठा लाल फेटा घातलेला. निघताना मॅनेजरने सगळ्यांना बजावलं, "वाटेत कुणी हातात काही दिलं तर घेऊ नका. आधी प्रेमाने देतात, मग पैसे मागतात." आदल्या दिवशी एकाने पाटीलभाऊंच्या डोक्यावर फेटा बांधून, फोटो काढून, वर पैसे उकळले होते, म्हणून सगळे हसले. मी हसले नाही. मी ते मनात पक्कं धरलं.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. आधी कितीतरी वेळ खडकाळ पिवळं माळरान होतं, काटेरी झुडपं, लांबवर एखादी शेळी. मला एकदम आमचं गाव आठवलं. नांदगावच्या पुढे असंच आहे, फक्त आमची माती काळपट. इतकं लांब येऊन तेच बघतेय असं वाटून मला थोडं हसूही आलं.

साधारण अकरा-साडेअकराला भंवरसिंगने एका वस्तीवर जीप थांबवली. तिकडे वस्तीला ढाणी म्हणतात. शेणाने सारवलेली तीन-चार गोल घरं, भोवती काट्यांचं कुंपण. त्याच्या चुलत्याचं घर होतं ते. जीपमधला पाण्याचा भरलेला कॅन त्याने तिथे उतरवला. मंडळी पलीकडे बांधलेल्या उंटाबरोबर फोटो काढायला गेली. मला फोटोत उभं राहायची लाज वाटते. मी कुंपणाजवळ एका झाडाच्या सावलीला थांबले.

तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. काळपट ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात सूप. ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली,

"लय दिसानं आली गं ठके. उन्हाची कुठं फिरते?"

"सफरीला आलोय आजी," मी म्हणाले.

"बस की जरा."

"नाही, जीप निघेल."

"मग पदर तरी धर."

आणि मी पदर धरला. कसा, का, ते सांगता येत नाही. आपल्याकडे सवाष्ण घरातून निघाली आणि कुणी म्हटलं पदर धर, तर हात आपोआप पुढे होतात ना, तसे झाले. सुपात बाजरी होती. तिने सूप खाली टेकवलं, ओंजळ भरली आणि माझ्या पदरात घातली.

"लाभ," ती म्हणाली.

मग दुसरी ओंजळ. "दोन."

तिसरी तिच्या हातात होती तेव्हा जीपचा हॉर्न वाजला. भंवरसिंग ओरडला, "चलो चलो!" आणि मला मॅनेजरचं बोलणं आठवलं. मावशीच्या नोटा आठवल्या. आता ही बाई पैसे मागणार, सगळ्यांसमोर मागणार, आणि मी काय देणार? मी वाकून पदर तिच्या सुपात उलटा केला. सगळी बाजरी सुपात गेली.

"नको आजी. माझ्याकडं पैसे नाहीत."

ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली.

"तुझ्याकडं पैसे कोण मागतंय गं?" एवढंच म्हणाली.

मी पळतच जीपमध्ये चढले. पदर झटकला, तोंडावर घेतला. जीप निघाली. बरंच पुढे गेल्यावर पाटीलवहिनी म्हणाल्या, "काय हो, त्या म्हातारीशी काय एवढं बोलत होता? तिला मराठी कळतं?"

तोपर्यंत, खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की आम्ही मराठीत बोलत होतो. तेही नाशिकच्या मराठीत नाही, आमच्या गावच्या बोलीत.

"ती बोलली ना माझ्याशी," मी म्हणाले.

"छे! मी बघत होते. ती गप्पच होती. तुम्हीच बोलत होता."

वहिनींनी पुढे वाकून भंवरसिंगला विचारलं. तो मागे न बघताच म्हणाला, "काकी? वो तो बोलती नहीं जी. बरसों हो गए. बेटी गुज़र गई थी, तब से एक शब्द नहीं बोली."

आता मला जे माहीत आहे ते तुम्हालाही सांगायला हवं. माझं नाव मंदा. पण ते लग्नात ठेवलेलं, सासरचं. माहेरचं नाव ठकू, आणि 'ठके' अशी हाक फक्त आई मारायची. मामीकडे मला सगळे 'पोरी' म्हणत. नाशिकला ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्टरांनाही लग्नाच्या पत्रिकेतलं ठकूबाई तेवढं माहीत. त्या जीपमध्ये तर कुणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुसरं म्हणजे बाजरी. ओटी तांदळाची भरतात, फार तर गव्हाची. पण आमच्या कोरडवाहू गावात तांदूळ कुठला? आई वस्तीवरच्या लेकीबाळींची ओटी बाजरीनेच भरायची. आणि धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आईला ओटीतही तसंच मोजायची सवय होती. बायका तिला हसायच्या, "काय गं, ओटी भरते का बाजार करते?" मी शेजारी बसून ऐकायचे आणि वाटायचं, मी मोठी झाल्यावर माझी भरेल तेव्हा मीही हसेन. ती ओटी भरायच्या आधीच आई गेली. लग्नात मामीने भरली, तांदळाने.

आईचा फोटो नाही. चेहरा मला आठवत नाही. म्हणजे म्हातारी तशी दिसत होती की नाही, तेही सांगता येत नाही.

जीप मागे वळवा, एवढं म्हणायला हवं होतं. तीनच शब्द. पण सगळे सफरीला आलेले, मी निम्म्या पैशात बसलेली पोळीवाली… मी जीपची दांडी घट्ट धरून बसले. पुढे वाळूच्या टेकड्या लागल्या. वाऱ्याने त्यांच्यावर सुरेख वळ्या पडलेल्या. मंडळी घसरगुंडी खेळली, पुरी-भाजी खाल्ली, म्हणाली, "पुऱ्या मऊ राहिल्या हं मंदाबाई." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष सूर्याकडे होतं, कधी एकदा माघारी निघतो.

परतीच्या वाटेवर भंवरसिंगला रिकामा कॅन घ्यायचा होता, म्हणून जीप पुन्हा तिथे थांबली. जीप थांबायच्या आतच मी उतरले. म्हातारी दाराशी बसली होती. तीच ओढणी, त्याच बांगड्या. मी तिच्यासमोर गेले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"आजी, मी ठकी," मी म्हणाले. "राहिलेली घाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं. ओळख नाही, राग नाही, काही नाही. पाटीलवहिनी मागून म्हणाल्या, "अहो मंदाबाई, हे काय, भीक मागितल्यासारखं? चला!" पण मी हलले नाही. म्हातारी उठली, आत गेली. माझा जीव नुसता कानात आला होता, आता सुपाचा आवाज येईल म्हणून.

ती बाहेर आली आणि तिने माझ्या पदरात एक भाकरी ठेवली. दारी आलेल्याला ठेवतात तशी. मग पुन्हा जाऊन दाराशी बसली.

ती भाकरी मी आणि शेवंतामावशीने गाडीत खाल्ली, मिरचीच्या ठेच्याबरोबर. आईच्या हातची चव लागली असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं काही नाही. बाजरीची भाकरी होती, बाजरीच्या भाकरीसारखी लागली.

मावशीला सगळं सांगितलं. तिने उरलेला ठेचा पुसून खाल्ला. मग म्हणाली, "ऊन लागलं असंल तुला." थोड्या वेळाने परत म्हणाली, "पन ठकी नाव तर मलाबी ठावं नव्हतं." मुलगी म्हणते, मनाचे खेळ असतात. मॅनेजर म्हणाला, मारवाडीतही लाभ म्हणत असतील. असतील. मी तरी कुठे शिकलेली आहे? मला एवढंच कळतं की ओटी भरली की त्यातले चार दाणे देणारीच्या हातात परत द्यायचे असतात, तिचंही घर भरलेलं राहावं म्हणून. मी चार नाही, सगळेच परत दिले. ते कोण होतं, ठाऊक नाही. पण जे कुणी होतं ते माझ्यासाठी ओंजळ भरून उभं होतं, आणि मी त्याला पैशाचं सांगितलं. अजून भांड्यात बाजरी ओतताना पहिल्या मापाला माझा हात थांबतो.

मावशीचे पैसे मी थोडे थोडे करून देत होते. पुढच्या वर्षी एका सफरीहून परतल्यावर पगार झाला, तशी तडक तिच्या घरी गेले आणि उरलेल्या नोटा तिच्यापुढे ठेवल्या.

"अगं, मागितले का मी?" ती म्हणाली. "कुनाचं थोडं ऱ्हाऊ दे की अंगावर. काय जड होतंय का?"

मला तिथेच रडू फुटलं. ती घाबरली, पाणी आणलं, काय झालं म्हणून दहादा विचारलं. माझ्या कानात त्या म्हातारीचं 'पैसे कोण मागतंय गं?' घुमत होतं. मावशी नोटा परत माझ्याकडे सरकवत होती, मी तिच्याकडे सरकवत होते. शेवटी तिने त्या मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. पैसे सगळे फिटले.