व्हिएन्नात एक बूट

मी व्हिएन्ना शहर एका बुटात पाहिलं आहे. दुसऱ्या पायात नुसता मोजा होता.

आमच्या भनपुरीच्या कारखान्यानं तार ओढायची नवी मशीन तिकडून मागवली होती. ती चालवायला शिकायला मला तीन आठवडे पाठवलं. (एवढ्या लोकांतून मलाच का, असं शेजाऱ्यांनी विचारलं. पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता.) निघताना मालक म्हणाले, "कंपनीची इज्जत तुमच्या हातात आहे." ती पायात होती, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कामाचे दिवस शहराबाहेरच्या शेडमध्ये गेले. राजधानी उरली ती शेवटच्या रविवारी. दिवसभर शहर पाहायचं आणि संध्याकाळी सहाला तिथल्या डायरेक्टर साहेबांकडे जेवायचं, असा बेत होता. सोमवारी मशीनवर माझी परीक्षा. मी पास झालो तरच मशीन भनपुरीला निघणार, आणि पास करणारे हेच साहेब.

दुपारी एका मोठ्या जुन्या चर्चच्या दारातून घरी व्हिडिओ कॉल लावला. पुरानी बस्तीत आई नुकताच दिवा लावून बसली होती. तिनं उंच शिखर पाहून फोनलाच हात जोडले. मग माझा हात जरा खाली आला आणि तिला माझे बूट दिसले.

"जोडे घालून देवाच्या घरात काहून चालला रे?"

"आई, इथं कोणीच काढत नाही."

"त्यांचं ते पाहतील. तुले मी सांगून राहिली न?"

मी काढले. (वय वर्षे सेहेचाळीस.)

"अन् दोन्ही एका जागी नको ठेवू. एक इकडे, एक तिकडे. एकट्या जोड्याले कोणी चोरत नाही."

हा आमच्या घराण्याचा जुना बंदोबस्त आहे. आजवर कुठल्याही देवळातून आमची चप्पल गेलेली नाही. मी डावा बूट दाराजवळच्या बाकाखाली ठेवला आणि उजवा पार दुसऱ्या टोकाच्या खांबामागे. मग अर्धा तास फोनवरून आख्ख्या पाऱ्याला, म्हणजे आमच्या मोहल्ल्याला, दर्शन घडवलं.

परत आलो तर डावा जागेवर, उजवा गायब. पहारेकऱ्यानं शांतपणे समजावलं, की सफाईवालीला कोणाचा तरी एकच बूट बेवारस सापडला, तिनं तो हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा केला, आणि ती खोली उद्या दहाला उघडेल.

"आई, उजवा गेला."

"अन् डावा?"

"आहे."

"पाह्य बरं. एका जागी असते तर दोन्ही गेले असते."

मागून माझी मुलगी म्हणाली, "पापा, अब फोटो घुटने के ऊपर से ही लेना."

नवा जोड घ्यावा तर रविवारी तिथं सगळी दुकानं बंद. कारखान्याचे बूट कारखान्यातच कुलपात. मी तसाच राजवाडा पाहिला, कारंजी पाहिली, नदीही पाहिली. लोक सभ्य होते. माझ्या पायाकडे नजर गेली की पुढे आभाळाकडे बघत.

हॉटेलवर माझी निळी रबरी चप्पल होती, पण साहेबांकडे ती घालून जाणं मला शोभेना. लंगडत जाणं शोभेल असं वाटलं. आईनं बॅगेत पट्टी दिली होतीच. ती उजव्या पायाला गुंडाळली. पाय दुखावलेल्या माणसाला दुसरा बूट कोण विचारतं?

साहेबांच्या दारात बुटांची रांग होती. त्यांच्या घरच्या बाईंनी हसून माझ्या बुटाकडे बोट दाखवलं आणि घरात घालायच्या सपाता पुढे केल्या. त्यांच्या घरात सगळेच बूट बाहेर काढतात! मी पट्टीसकट उभा राहिलो.

साहेबांचा चेहरा उतरला. "कधी लागलं? कारखान्यात?"

"नाही, म्हणजे, थोडंसं."

"मग उद्या मशीनवर उभं राहायचं नाही. आधी डॉक्टर. परीक्षा पुढच्या आठवड्यात."

माझं विमान मंगळवारी होतं. मी खाली बसलो आणि पट्टी सोडता सोडता सगळं सांगितलं: आई, खांब, सफाईवाली, निळी चप्पल. भनपुरीच्या इंग्रजीत ते जरा लांबलं. पट्टीखालून धडधाकट पाय निघाला, तेव्हा आधी बाई हसल्या, मग साहेब. म्हणाले, "दहाला बूट सोडवा, बाराला मशीनवर या."

जेवण छान झालं. निघताना मात्र माझा एकुलता डावा बूट दिसेना. बाईंनी सगळे जोड उचलून पाहिले. साहेब गुडघ्यांवर बसून कपाटाखाली वाकले. मीही मन लावून शोधत होतो. मग मला आठवलं. दारात एवढे जोडे पाहून मी सवयीनं तो जिन्यातल्या कुंडीमागे सरकवला होता.

परीक्षेत पास झालो. मशीन भनपुरीला आली, छान चालते. तिच्या दोन किल्ल्या माझ्याच ताब्यात आहेत. एक टेबलाच्या खणात असते. दुसरी मी अशा जागी ठेवली आहे की कोणालाच सापडणार नाही. दिवाळीपासून मीही शोधून राहिलो आहे.